पायात काटा, जांघेत गाठ: पेशींचे श्वसन आणि शरीराचे संरक्षण

पायाच्या तळव्यात काटा रुतावा, जखम एक-दोन दिवस ठणकत राहावी आणि तिसऱ्या दिवशी पायरी चढताना जांघेत कळ यावी. चाचपून पाहावे तर तिथे कातडीखाली एक दुखरी, हलती गाठ हाताला लागावी, हा अनुभव बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. मराठीत याला ‘अवधाण येणे’ असा शब्द आहे. तो एखाद्या रोगाचे नाव नाही, दोन जागांमधल्या नात्याचे नाव आहे, आणि म्हणूनच मला तो फार नेमका वाटतो. जखम खाली, गाठ वर. मध्ये अख्ख्या पायाचे अंतर, आणि त्या अंतरात ना सूज, ना दुखणे. मग तळव्याची बातमी जांघेपर्यंत पोहोचते कशी, आणि पोहोचल्यावर त्या गाठीत नेमके चालते काय?

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. अंग कणकणते, जेवणावरची वासना उडते, हाती घेतलेल्या कामात मन लागत नाही. जखम नखाएवढी आणि थकवा मात्र दिवसभर ओझी वाहिल्यासारखा. शाळेच्या पुस्तकात पेशीश्वसन हा एक धडा असतो, रोगप्रतिकार हा दुसरा, आणि लसीका संस्था बहुधा रक्ताभिसरणाच्या धड्याअखेरीस चार ओळींत उरकलेली असते. हे तीन विषय एकत्र वाचल्याशिवाय काटा, गाठ आणि थकवा यांचा मेळ लागत नाही. शरीराचे संरक्षण हे मुळात खर्चाचे काम आहे, आणि कोणती पेशी आपले इंधन कशी वापरते यावरून ती कशी लढेल, किती दिवस टिकेल आणि लढाईनंतर उरेल की नाही, हे बरेचसे ठरते. म्हणून सुरुवात इंधनापासून करू.

श्वास वेगळा, श्वसन वेगळे

श्वास म्हणजे फुप्फुसांत हवा घेणे आणि सोडणे. पेशीश्वसन ही त्याच्या पुढची, प्रत्येक पेशीच्या आत चालणारी क्रिया आहे. रक्तातून आलेले ग्लुकोज आणि प्राणवायू यांचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, आणि या व्यवहारात मोकळी झालेली ऊर्जा पेशी वापरते. लाकूड जळते तेव्हाही रसायनशास्त्राच्या हिशेबाने जवळपास हेच घडत असते. फरक एवढाच, की ज्वाळेत सगळी ऊर्जा एका दमात उष्णता आणि प्रकाश होऊन निघून जाते, तर पेशी तीच ऊर्जा अनेक लहान पायऱ्यांनी खाली उतरवते आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी पदरात पाडून घेते. तरीही निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात सुटतेच. आपले अंग उबदार राहते ते याच गळतीमुळे.

पदरात पडलेली ऊर्जा ज्या रेणूत बांधली जाते त्याचे नाव एटीपी. कार्ल लोमान यांनी 1929 मध्ये तो स्नायूंतून वेगळा केला. एटीपीला ‘ऊर्जेचा साठा’ म्हणण्याची पद्धत आहे, ती मला दिशाभूल करणारी वाटते. साठा म्हणावा तो चरबीला. एटीपी ही खिशातली चिल्लर आहे: हातात आली की खर्च होते, आणि लगेच पुन्हा मिळवावी लागते. कोणत्याही एका क्षणी प्रौढ माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून हा रेणू 100 ग्रॅमच्या आसपासच असतो, पण तोच दिवसभरात इतक्या वेळा मोडला आणि जोडला जातो, की रोजच्या उलाढालीचे वजन जवळजवळ त्या माणसाच्या स्वतःच्या वजनाएवढे भरते. म्हणूनच पुरवठा काही मिनिटे थांबला तरी मेंदूसारखा अवयव कोलमडतो.

ही चिल्लर मिळवण्याच्या वाटेचे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा, ग्लायकोलिसिस, पेशीच्या द्रवातच पार पडतो; सहा कार्बनचा ग्लुकोज रेणू मोडून तीन कार्बनचे दोन पायरुवेट रेणू होतात आणि पेशीला निव्वळ 2 एटीपी मिळतात. यासाठी प्राणवायू लागत नाही. पुढचे दोन टप्पे तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या आतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या चिमुकल्या भागांत होतात. तिथे पायरुवेटचा एक कार्बन आधीच सुटतो आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा एका चक्रात शिरतो. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र 1937 मध्ये मांडले, म्हणून त्यांचेच नाव त्याला आहे. चक्रात कार्बनचे अणू एकेक करून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात आणि ऊर्जेने भरलेले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या हवाली केले जातात.

खरी कमाई होते ती तिसऱ्या टप्प्यात. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांची एक साखळी रोवलेली असते. इलेक्ट्रॉन या साखळीतून हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी प्राणवायूला जाऊन मिळतात, त्यातून पाणी तयार होते. आपण घेतलेल्या प्रत्येक श्वासातला प्राणवायू प्रामुख्याने या शेवटच्या जागेवर बसण्यासाठीच आत आलेला असतो. इलेक्ट्रॉन सरकत असताना साखळी हायड्रोजनचे आयन पटलाच्या एका बाजूला उपसत राहते. धरणात पाणी चढावे तसे ते तिथे साठतात आणि परत येण्यासाठी त्यांना एकच सोयीची वाट असते: एटीपी सिंथेज नावाचे प्रथिन. या प्रथिनाचा एक भाग पाणचक्कीसारखा अक्षरशः गरगर फिरतो आणि त्याच्या प्रत्येक पूर्ण फेरीला 3 एटीपी तयार होतात. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये ही धरणाची कल्पना मांडली तेव्हा ती अनेकांना पटली नव्हती. 1978 मध्ये त्याच कल्पनेसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तिन्ही टप्प्यांची बेरीज केली तर एका ग्लुकोजमागे साधारण 30 ते 32 एटीपी हाती येतात. जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 हा आकडा आढळतो. पटलातून होणारी गळती आणि वाहतुकीचा खर्च नीट मोजल्यावर तो खाली आला.

आता पायरुवेट तयार झाल्यावर लागणारा फाटा पाहा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या फाट्यावर उभी आहे. प्राणवायू मुबलक असेल आणि घाई नसेल, तर पायरुवेट तंतुकणिकेत जाते आणि 30 एटीपीची कमाई होते. प्राणवायू कमी असेल, किंवा पेशीलाच वेगळे काही हवे असेल, तर पायरुवेटचे लॅक्टेट करून ते बाहेर टाकले जाते आणि 2 एटीपीवर भागवले जाते. वरवर पाहता हा दुसरा मार्ग उधळपट्टीचा दिसतो. पण तो फार जलद आहे आणि त्याला प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही. तांबड्या रक्तपेशी तर आयुष्यभर याच मार्गावर जगतात. त्यांच्यात तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे अख्ख्या शरीराचा प्राणवायू सुमारे 120 दिवस वाहून नेताना त्यांतला एक कणही त्या ऊर्जेसाठी स्वतः वापरत नाहीत.

जखमेच्या तोंडाशी

काटा कातडीतून आत जातो तेव्हा त्याच्याबरोबर जिवाणू जातात आणि वाटेतल्या काही पेशी फुटतात. ऊतींत कायम मुक्काम ठोकून असलेल्या महाभक्षक पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी, या दोन्ही गोष्टी ओळखतात. जिवाणूंच्या कवचावरचे काही रेणू आपल्या पेशींत कधीच नसतात, त्यामुळे ते सापडले की परके कोणीतरी आले हे निश्चित होते. फुटलेल्या पेशींच्या बाबतीत मात्र एक गमतीदार घोटाळा होतो. तंतुकणिका या अब्जावधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणू होत्या. दुसऱ्या पेशीच्या पोटात शिरून त्या तिथेच स्थायिक झाल्या. त्यांचा 16,569 बेस-जोड्यांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए अजून शाबूत आहे आणि त्यांची प्रथिने बांधण्याची सुरुवातही जिवाणूंच्याच पद्धतीने होते. पेशी फुटून हा ऐवज बाहेर सांडला, की संरक्षक पेशींना तो जिवाणूंचाच माग वाटतो आणि त्या तिकडे धाव घेतात. जंतूंचा पत्ता नसतानाही नुसत्या मुक्या माराने मोठी सूज येते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे.

धोक्याचे संदेश सुटल्यावर जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती सैल होतात. जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. रक्तातून पहिल्यांदा बाहेर पडतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अस्थिमज्जेत त्या दररोज सुमारे 100 अब्ज तयार होतात, आणि त्यांचे आयुष्य काही तासांपासून काही दिवसांपर्यंतच असते. सुजलेल्या, मेलेल्या पेशींनी भरलेल्या जखमेत प्राणवायू फार कमी असतो, आणि न्यूट्रोफिल अशा जागी काम करण्यासाठीच घडलेली असते. तिच्यात तंतुकणिका अगदी थोड्या असतात. ती जवळजवळ सगळी गरज ग्लायकोलिसिसवर भागवते.

मग तिने जिवाणू गिळला, की एक विलक्षण गोष्ट घडते: तिचा प्राणवायूचा वापर काही क्षणांत अनेक पटींनी वाढतो. याला श्वसनस्फोट म्हणतात, पण नाव फसवे आहे, कारण हा प्राणवायू ऊर्जेसाठी वापरलाच जात नाही. पेशीच्या पटलावरचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, इलेक्ट्रॉन थेट प्राणवायूवर लादते आणि त्यातून सुपरऑक्साइड बनते. त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि त्यापासून दुसरे एक विकर हायपोक्लोरस आम्ल तयार करते. निर्जंतुकीकरणासाठी पाण्यात क्लोरीन घातल्यावर जे द्रव्य जंतू मारते, तेच हे. तंतुकणिकेत ज्या प्राणवायूवर इलेक्ट्रॉन अलगद, शिस्तीत सोपवले जातात, त्याच प्राणवायूवर इथे ते मुद्दाम बेशिस्तपणे फेकले जातात. रसायनशास्त्र एकच, एकदा चूल म्हणून वापरलेले आणि एकदा शस्त्र म्हणून. हे शस्त्र किती मोलाचे आहे ते क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात कळते. त्यात वरच्या विकराचा एखादा भाग सदोष असतो. न्यूट्रोफिल जखमेपर्यंत पोहोचतात, जंतू गिळतातही, पण श्वसनस्फोट होत नाही, आणि काही जिवाणू आणि बुरशी त्यांच्या पोटात जिवंत राहतात. अशा मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात.

पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या न्यूट्रोफिल. हायपोक्लोरस आम्ल बनवणारे विकर हिरव्या रंगाचे असते, म्हणून पुवाला हिरवट झाक येते.

महाभक्षक पेशींची तऱ्हा याहून वेगळी. दाह पेटल्यावर त्या आपले क्रेब्ज चक्र मध्येच तोडतात आणि त्यातला एक रेणू वळवून इटाकोनेट नावाचे द्रव्य बनवतात, जे अनेक जिवाणूंच्या एका गरजेच्या विकराला निकामी करते. ऊर्जेचे यंत्र खोलून त्याच्याच सुट्या भागांतून हत्यार बनवण्याचा हा प्रकार म्हणायला हवा.

काट्याच्या जखमेत धनुर्वाताची भीती का असते, त्याचे उत्तरही श्वसनातच आहे. धनुर्वाताचा जिवाणू प्राणवायूच्या सान्निध्यात वाढू शकत नाही. मातीत तो बीजाणूंच्या रूपात पडून असतो. उघड्या ओरखड्यापेक्षा खोल, अरुंद भोकात प्राणवायू कमी पोहोचतो आणि तिथे तो जागा होऊन विष तयार करू लागतो. हे विष इतक्या सूक्ष्म मात्रेत प्राणघातक ठरते, की तेवढ्याने प्रतिकारयंत्रणेला पुरती जागही येत नाही. धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही त्याविरुद्ध भरवशाची प्रतिकारशक्ती मिळत नाही, लस घ्यावीच लागते.

बातमी वर जाते कशी

केशवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातला द्रव सतत ऊतींत झिरपत असतो. बराचसा परत ओढला जातो, पण दिवसाला सुमारे 3 लिटर द्रव मागे राहतो. हा परत नेला नाही, तर रक्तातले पाणी आणि प्रथिने ऊतींतच अडकून पडतील आणि माणूस एका दिवसात धोक्यात येईल. हे परत नेण्याचे काम लसीकावाहिन्यांचे, आणि त्यांतून वाहणाऱ्या द्रवाला लसीका म्हणतात. ऊतींत या वाहिन्यांची टोके बंद असतात आणि त्यांच्या भिंतीतल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर द्रव वाढून ऊती फुगली, की भिंतीला बांधलेले बारीक धागे ताणले जातात आणि फटी उघडतात. द्रव आत गेला की आतल्या दाबाने त्या मिटतात. हृदयासारखा मध्यवर्ती पंप या संस्थेला नाही. मोठ्या वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, बाकीचा रेटा हालचाल करणाऱ्या स्नायूंचा आणि श्वासाचा, आणि आतल्या झडपा प्रवाह मागे वळू देत नाहीत. दिवसभर बसून प्रवास केल्यावर पाय सुजतात, त्याला पोटरीच्या स्नायूंची ही बेकारी बरीच जबाबदार असते.

या वाहिन्या फार काळ कुणाच्या ध्यानातच आल्या नव्हत्या, कारण त्या पारदर्शक असतात. इटलीत गास्पारे असेल्ली यांना 1622 मध्ये नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याभोवती दुधाळ रेषा दिसल्या. आतड्यातून शोषलेली चरबी लसीकेत उतरल्यामुळे त्या पांढऱ्या झाल्या होत्या. मेंदूभोवतीच्या आवरणांतल्या लसीकावाहिन्यांची रीतसर नोंद व्हायला तर 2015 साल उजाडले.

जखमेतून लसीकेबरोबर दोन गोष्टी वर जातात. एक, जिवाणूंचे तुकडे आणि कधी कधी जिवंत जिवाणूही. दुसरी, वार्ताहर पेशी. झाडाच्या फांद्यांसारखे हातपाय पसरलेल्या या पेशींना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. राल्फ स्टाइनमन यांनी 1973 मध्ये त्यांचे वर्णन केले. त्या जखमेत जिवाणू गिळतात, त्याची प्रथिने बारीक चिरतात, ते तुकडे म्हणजेच प्रतिजन आपल्या पृष्ठभागावर फलकासारखे लावतात आणि रासायनिक वासाच्या मागावर लसीकावाहिनीत शिरतात. तळव्यावरची बरीचशी लसीका जांघेतल्या ग्रंथींकडे जाते, म्हणून गाठ तिथे येते. हाताच्या जखमेची काखेत, घशाच्या संसर्गाची जबड्याखाली आणि मानेत. शरीरात अशा 600 च्या आसपास लसीकाग्रंथी आहेत, आणि कुठली दुखते त्यावरून अनुभवी डॉक्टर जखम कुठे शोधायची ते ठरवतात.

जखमेपासून वर सरकणारी लाल रेघ कातडीवर दिसू लागली, तर मात्र जिवाणू खुद्द लसीकावाहिनीत दाह करत आहेत असे समजावे. तेव्हा घरी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गाठीच्या आत

लसीकाग्रंथी ही गाळणी आहे असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण तिचे अधिक महत्त्वाचे रूप भेटीच्या ठिकाणाचे आहे. टी पेशी हा पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एकाच घडणीचे ग्राहक, म्हणजे प्रतिजन पकडणारी प्रथिने, असतात आणि तिला जवळपास त्यांत बसणारा प्रतिजनच ओळखता येतो. एखाद्या विशिष्ट तुकड्याला ओळखणारी पेशी साधारण एक लाख ते दहा लाख पेशींमागे एक, इतकी विरळ असते. तळव्यातला जिवाणू आणि त्याला ओळखणारी ती एकटी पेशी यांची अख्ख्या शरीरात योगायोगाने गाठ पडणे अशक्यच. म्हणून टी पेशी सतत फिरत राहतात: रक्तातून एका ग्रंथीत उतरतात, अर्धा-एक दिवस तिथल्या डेंड्रायटिक पेशींना चाचपतात, काही जुळले नाही तर लसीकेतून बाहेर पडून पुन्हा रक्तात, आणि तिथून पुढच्या ग्रंथीत. लसीकेतून रक्तात इतक्या लसीकापेशी, म्हणजे टी पेशी आणि त्यांच्या जातीच्या पांढऱ्या पेशी, रोज का येतात, हे पूर्वी मोठे कोडे होते. जेम्स गोवन्स यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की त्या नव्या नसतातच, त्याच त्या पुन्हा फेरी मारत असतात.

संसर्गाच्या काळात ग्रंथी आपले दार एका बाजूने बंद करते. रक्तातून येणाऱ्या पेशींचा ओघ वाढतो, बाहेर पडण्याची वाट मात्र एक-दोन दिवस रोखली जाते, म्हणजे अधिकाधिक पेशींना फलक तपासता येतात. गाठ फुगते आणि आवरण ताणले जाऊन दुखते, ते आधी या गर्दीमुळे. अवधाण हा बिघाड नाही. ग्रंथी कामाला लागल्याची ती खूण आहे.

मग जुळणारी टी पेशी सापडते आणि इथे पुन्हा इंधनाचा प्रश्न येतो. फिरती, निवांत टी पेशी काटकसरीची असते. तिची गरज थोडी, आणि ती तंतुकणिकांतून पूर्ण श्वसन करून भागते. प्रतिजन जुळल्यावर साधारण एक दिवस ती वाढत राहते, ग्लुकोज आत घेण्याची दारे कितीतरी पटींनी वाढवते आणि मग विभागू लागते. दिवसाला तीनदा विभागली असे धरले, तर पाच दिवसांत 15 विभागण्या होतात आणि एका पेशीच्या 32,768 पेशी होतात. या धांदलीत ती करते काय, तर प्राणवायू भरपूर असतानाही बरेचसे ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टेट म्हणून बाहेर टाकते. ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात हीच सवय कर्करोगाच्या पेशींत पाहिली होती.

तीसऐवजी दोनच एटीपी घेणे हा वेडेपणा का नाही? कारण विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच मालही हवा असतो. एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर पटले, प्रथिने, डीएनए सगळे दुप्पट लागते आणि या सगळ्याचा सांगाडा कार्बनचा असतो. ग्लुकोज शेवटपर्यंत जाळले तर त्याचा सगळा कार्बन वायू होऊन उडून जातो. वाटेत थांबले, तर मधल्या पायऱ्यांवरचे रेणू बांधकामाला वळवता येतात. घर बांधायचे असताना सगळी लाकडे चुलीत घालून चालत नाही. तंतुकणिका या काळात बंद पडलेल्या नसतात, त्याही वाढतात. पण त्यांचेही बरेचसे काम आता माल पुरवण्याचे झालेले असते.

शेजारच्या भागात बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची अशीच निवड आणि वाढ चाललेली असते. त्यांच्यापैकी काही प्लाझ्मा पेशी होतात आणि सेकंदाला हजारो प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिने, रक्तात सोडू लागतात. एवढी प्रथिने घडवण्याचा खर्च वेगळा सांगायला नको.

थकवा आणि ताप

संरक्षक पेशींनी सोडलेले संदेशरेणू रक्तातून मेंदूपर्यंत जातात. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होऊन तापमानाचा ठरलेला बिंदू वर सरकतो. अंग गरम असतानाही थंडी वाजते, कारण मेंदूच्या मते आपण अजून पुरेसे तापलेलो नसतो. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी केवळ उष्णतेसाठी एटीपी जाळणे. शरीराचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले, की विश्रांतीतला ऊर्जाखर्च साधारण 10 ते 13 टक्क्यांनी वाढतो. पॅरासिटामॉल याच प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती कमी करते, म्हणून ताप उतरतो. संसर्ग मात्र तिथेच असतो.

त्याच संदेशांमुळे भूक मंदावते, झोप येते, हालचाल नकोशी होते. हा थकवा केवळ ऊर्जा संपल्याचा नाही. बराचसा तो मेंदूने घेतलेला निर्णय आहे: स्नायूंचा खर्च आवरा, सध्या पुरवठा दुसरीकडे हवा आहे. म्हणून आजारपणात अंगावर काढून कामाला जाणाऱ्यांचे मला कौतुक वाटत नाही. आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींचे तर त्याहूनही नाही, कारण ही शक्ती नळासारखी कमी-जास्त करायची वस्तू नसते. अ‍ॅलर्जीत ती क्षुल्लक गोष्टीवर तुटून पडते, संधिवातासारख्या स्वप्रतिकार रोगांत स्वतःच्याच सांध्यांवर. तिच्यात जोराइतकेच मोल आवर घालण्याला आहे, आणि त्यासाठी नियामक टी पेशींची वेगळी फौज असते.

लसीकेची वाट अडली तर काय होते, ते हत्तीरोगात दिसते. डासांमार्फत आलेले सूतासारखे कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात, झडपा निकामी होतात, द्रव साचतो आणि पाय कायमचा फुगतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागल्या तर हाताला अशीच सूज येऊ शकते. जिथे द्रव साचला तिथे संरक्षक पेशींची ये-जाही मंदावते, म्हणून अशा हातापायाला साधा ओरखडाही जपावा लागतो.

काट्याच्या जखमेकडे परत येऊ. आठवड्याभरात नव्या टी पेशी आणि प्रतिपिंडे जखमेपर्यंत पोहोचतात, उरलेले जिवाणू संपतात आणि प्रतिजनाचे तुकडे येणे थांबते. मागणी संपली की या हजारो पेशींपैकी बहुतेक जणी ठरल्याप्रमाणे स्वतःहून मरतात आणि महाभक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. गाठ काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, बसत जाते. जी गाठ दुखत नाही, दगडासारखी टणक लागते, जागची हलत नाही किंवा कारण नसताना आठवड्यांमागून आठवडे वाढतच राहते, ती अवधाणाची नव्हे, आणि ती तपासून घ्यायलाच हवी.

उरतात त्या थोड्या स्मृतिपेशी. त्या पुन्हा काटकसरीकडे वळलेल्या असतात: ग्लुकोजची लूट थांबलेली, तंतुकणिका भरपूर, आणि इंधन म्हणून बरेचसे मेदाम्लांवर भागणारे. मंद आचेवर त्या वर्षानुवर्षे जगू शकतात. त्यांच्या तंतुकणिकांत नेहमीच्या गरजेपेक्षा जास्त क्षमता राखून ठेवलेली असते. तोच जिवाणू पुन्हा आला, तर पहिल्या वेळी लागलेले दिवस आता लागत नाहीत, आणि कित्येकदा जांघेत गाठ हाताला लागण्याआधीच जखम भरू लागलेली असते.